पुरस्काराच्या नावातला माणूस

परवा नांदेडला एका साहित्यिक कार्यक्रमाला गेलो होतो. शेजारच्या खुर्चीवर आजोबांबरोबर आलेली नववी-दहावीतली एक मुलगी बसली होती. व्यासपीठावर पाहुण्यांची ओळख करून देणे चालू होते. अशा ओळखीत पुरस्कारांची यादी असतेच. ती वाचता वाचता निवेदकाने बी. रघुनाथ पुरस्काराचे नाव घेतले, टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांच्या आवाजात मुलीने आजोबांना हळूच विचारले, की हे बी. रघुनाथ दक्षिणेतले कोणी लेखक होते का. आजोबा गोंधळले. त्यांनाही नाव ठाऊक होते, माणूस ठाऊक नव्हता.

मुलीचे काही चुकले असे वाटत नाही. मराठी लेखकाच्या नावाआधी आपल्याला ह. ना., वि. स., ना. सी. अशी आपल्याच बाराखडीतली अक्षरे पाहायची सवय. इथे इंग्रजी अक्षर आणि पुढे आडनावच नाही. पण या नावाचे गृहस्थ अस्सल मराठवाड्याच्या मातीतले. भगवान रघुनाथ कुलकर्णी हे त्यांचे पूर्ण नाव. स्वतःच्या नावाचे पहिले अक्षर इंग्रजी वळणाने घेतले, वडिलांचे नाव जोडले आणि कुलकर्णी सोडून दिले. आज मराठवाड्यात कथा-कादंबरीला जे सन्मान दिले जातात, त्यांत हे नाव फार मानाने घेतले जाते. मराठवाडा साहित्य परिषदेचा कथा-कादंबरीसाठीचा पुरस्कार त्यांच्या नावाचा आहे. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, ७ सप्टेंबरला त्यांच्या स्मृतिदिनी साहित्यकृतीला पुरस्कार देण्याची प्रथा नाथ उद्योग समूहाने अनेक वर्षे चालवली आहे. परभणीत त्यांच्या नावाचे सभागृह आहे, महाविद्यालय आहे, महोत्सवही भरतो. आणि ज्याच्या नावाने हे सगळे चालते, तो माणूस वयाच्या चाळिसाव्या वर्षी सरकारी कचेरीतल्या टेबलावर काम करता करता गेला.

बी. रघुनाथांचा जन्म १५ ऑगस्ट १९१३चा, सातोन्याचा. सातोना तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातले गाव. मनमाडहून जालना, परभणी, नांदेड करीत हैदराबादकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे लहानसे स्टेशन. जन्मतारखेचा योगायोग आज वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो. पण त्या तारखेने त्यांच्या आयुष्यात पुढे जो खेळ केला, तो आनंदाचा नव्हता. त्याकडे नंतर येऊ.

त्या काळचा मराठवाडा डोळ्यांपुढे आणल्याशिवाय हे आयुष्य नीट कळायचे नाही. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे निजामाच्या राज्यात होते. लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातले व्यापारी गाव. त्याचा स्वतंत्र जिल्हा व्हायला १९८२ साल उजाडले. राज्यकारभाराची भाषा उर्दू. कचेरीतला कागद उर्दूत, पगार हाली शिक्क्यात, आणि सरकारी दप्तरातले वर्षही फसली. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. घरात ज्ञानेश्वरी वाचली जायची, पण शिकून चार पैसे मिळवायचे तर त्या भाषेचा फारसा उपयोग नव्हता. मराठी शिक्षणाचे जे मोजके आधार होते, त्यांतला मोठा आधार थेट राजधानीत, हैदराबादेत होता. १९०७ साली सुरू झालेली विवेकवर्धिनी शाळा ती. मराठवाड्यातली हुशार, पण परिस्थितीने बेताची मुले रेल्वेने हैदराबादला जात आणि कुणा नातेवाइकाकडे, कुणा ओळखीच्याकडे राहून शिकत. त्याच शाळेतून बी. रघुनाथ १९३२ साली मॅट्रिक झाले.

त्याच्या आदल्याच वर्षी हैदराबादेत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. अध्यक्ष होते ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. केतकर हे नुसते कोशकार नव्हते, कादंबरीकारही होते. कादंबरी म्हणजे फावल्या वेळचा विरंगुळा नव्हे, समाजाचा विचार करण्याची ती एक जागा आहे असे मानणारे. कविता करू लागलेल्या एका अठरा वर्षांच्या मराठी मुलाच्या दृष्टीने निजामाच्या राजधानीत मराठी लेखकांचा असा मेळावा भरणे ही लहान गोष्ट नव्हती.

मॅट्रिकनंतर पुढचे शिक्षण झाले नाही. नोकरी धरावी लागली. ती मिळाली निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात, कारकुनाची. आयुष्यभर त्यांनी तेच खाते सांभाळले. रस्ते, पूल, इमारती यांचे हिशेब, बिले, मंजुऱ्या. वाचकांपैकी अनेकांच्या घरात असा एखादा सरकारी कारकून होऊन गेला असेल. दहाला जायचे, पाचला यायचे, महिन्याच्या विसाव्या तारखेला किराणा दुकानदाराला चुकवायचे. त्या वेळापत्रकात सात कादंबऱ्या, पाच कथासंग्रह, दोन कवितासंग्रह आणि एक ललित लेखांचे पुस्तक बसवून पाहा, म्हणजे हा माणूस रात्री किती वाजता झोपत असेल याचा अंदाज येईल.

सुरुवात कवितेने झाली. ‘फुलारी’ या टोपणनावाने ते आधी कविता लिहीत. फुलारी म्हणजे देवळापुढे फुलांची परडी घेऊन बसणारा. नाव छान होते, पण ते टिकले नाही. गद्याने हाक मारली आणि वयाची पंचविशी गाठायच्या आत त्यांची पहिली कादंबरी आली. तिचे नाव एका अक्षराचे, ‘ओ’. मराठवाड्यातल्या गल्लीत संध्याकाळी आई हाक मारते आणि कुठून तरी पोराचा आवाज येतो, तो हा ओ. फडके-खांडेकरांच्या त्या दिवसांत, जेव्हा कादंबरीची नावेसुद्धा रेशमी असत, एका अनोळखी गावच्या अनोळखी कारकुनाने आपल्या पहिल्या कादंबरीला असे उघडेवाघडे नाव द्यावे, याचे आजही नवल वाटते.

१९४० साली ‘साकी’ हा कथासंग्रह आला आणि १९४१ साली ‘आलाप आणि विलाप’ हा कवितासंग्रह. बी. रघुनाथांच्या पुस्तकांच्या नावांवर क्षणभर थांबावे. ‘साकी’, ‘फकिराची कांबळी’, ‘छागल’ ही नावे हैदराबादी हवेतली. पुण्यातल्या लेखकाला ती सुचली नसती. दुसरीकडे त्यांच्या ललित लेखांच्या पुस्तकाचे नाव ‘अलकेचा प्रवासी’. अलका ही कालिदासाच्या मेघदूतातली कुबेराची नगरी. मेघदूतातला यक्ष हाही एका परीने सरकारी नोकरच. कामात हयगय झाली म्हणून धन्याने वर्षभर दूर पाठवलेला. बांधकाम खात्यातल्या कारकुनाला ते नाव का भावले असेल, याचा तर्क वाचकांनी आपापल्या नोकरीच्या अनुभवावरून करावा. मुद्दा हा, की संस्कृत आणि उर्दू ही दोन्ही दारे त्यांच्या घराला होती. कचेरीत उर्दू, घरात मराठी, शाळेत शिकलेले संस्कृत. मराठवाड्यातल्या त्या पिढीने या मिश्रणाबद्दल पुष्कळ तक्रार केली, आणि ती तक्रार खरीही होती, कारण उर्दू लादलेली होती. पण बी. रघुनाथांनी लादलेल्या भाषेतलेही जे चांगले होते ते उचलले. गझलेतली ती घायाळ नजाकत त्यांच्या कथेत दिसते.

आणि नजाकतीबरोबर येणारा दोषही. काही ठिकाणी भाषेचा कैफ इतका चढतो, की गोष्ट पुढे सरकत नाही. सुरुवातीच्या लेखनात हे जास्त जाणवते. प्रेमाने लिहिताना हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कवीने कादंबरी लिहायला घेतली की हे व्हायचेच.

१९४३ ते १९४६ ही चार वर्षे मात्र विलक्षण आहेत. दुसरे महायुद्ध चालू होते, कागदाची टंचाई होती, धान्याची तर होतीच. त्या दिवसांत दरवर्षी एक या हिशेबाने त्यांच्या चार कादंबऱ्या निघाल्या. १९४३ला ‘हिरवे गुलाब’, १९४४ला ‘बाबू दडके’, १९४५ला ‘उत्पात’, १९४६ला ‘म्हणे लढाई संपली’. शिवाय १९४५ सालीच ‘अलकेचा प्रवासी’. या क्रमाकडे नीट पाहिले, तर एक प्रवास नावांतूनच दिसतो. गुलाबापासून निघालेला लेखक तीन वर्षांत ‘म्हणे’ या शब्दापर्यंत येतो. आपल्याकडे ‘म्हणे’ हा फार उपयोगाचा शब्द आहे. वर्तमानपत्रात लढाई संपल्याचे छापून आले, लोक म्हणतात की संपली, पण आमच्या गल्लीत, आमच्या रेशनच्या रांगेत तसे काही दिसत नाही, एवढे सगळे त्या एका शब्दात बसते. संस्थानातल्या माणसाची लढाई तर तेव्हा सुरूही व्हायची होती.

इथे त्यांच्या आयुष्यातली खरी अडचण सांगायला हवी. ते निजामाचे नोकर होते. संस्थानात सभा घ्यायची तर परवानगी लागे; गश्ती निशाण ५३ नावाचा हुकूम त्यासाठी कुप्रसिद्ध होता. त्यामुळे राजकारणाला उघडपणे उभे राहता येईना, तेव्हा ते भाषा, शाळा, वाचनालय, साहित्य परिषद यांच्या आडोशाने उभे राहिले. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला, म्हणजे बी. रघुनाथांच्या जन्मगावाशेजारी झाले. पुढच्या वर्षी दुसरे अधिवेशन लातूरला झाले. त्याच १९३८ साली स्टेट काँग्रेसवर बंदी आली, सत्याग्रह झाला, उस्मानियाच्या वसतिगृहातल्या मुलांनी वंदे मातरम् म्हटले म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले. आ. कृ. वाघमारे यांना ‘मराठवाडा’ हे पत्र पुण्याहून काढावे लागले. त्यावर बंदी आली की ते नाव बदलून पुन्हा काढत. आपल्याच मुलखाबद्दल मराठीत खरे लिहायचे तर मुलखाबाहेर जायचे, अशी स्थिती होती.

ज्यांना जाता आले ते गेले. कित्येकांनी नोकऱ्या सोडल्या, तुरुंग पत्करला. त्यांची नावे आपण आदराने घेतो. बी. रघुनाथांनी नोकरी सोडली नाही. त्यांचे काम लिहिण्याचे होते, आणि लिहिणाऱ्याचे घर त्या पगारावर चालत होते. हे लिहिताना मनात येते, की अशा माणसाकडे आपण फार चटकन बोट दाखवतो. सकाळी ज्या सरकारच्या कागदावर सही करायची, रात्री त्याच सरकारखाली पिचलेल्या माणसांची गोष्ट लिहायची, हा ताण वर्षानुवर्षे सांभाळणे हेही सोपे नाही. त्यांच्या कादंबऱ्यांतली माणसे पाहिली, तर त्यांत वीर फारसे नाहीत. कनिष्ठ मध्यमवर्गातली, अडलेली, मनातले ओठांवर न आणणारी माणसे आहेत. ही माणसे त्यांनी कुठून आणली हे शोधायला लांब जावे लागत नाही.

आता ती जन्मतारीख. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला त्या दिवशी बी. रघुनाथांनी पस्तिसाव्या वर्षात पाऊल टाकले. पण निजामाने भारतात सामील व्हायला नकार दिला होता. हैदराबादेत त्या दिवशी तिरंगा फडकवणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. मुंबई-पुण्यात लोक गुलाल उधळत होते आणि परभणी, नांदेड, लातूरमध्ये घराची दारे संध्याकाळी लवकर लागत होती. पुढचे तेरा महिने मराठवाड्याने काय भोगले हे आपल्याकडच्या प्रत्येक घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेले आहे. रझाकारांची दहशत, सीमेपलीकडच्या छावण्या, गाव सोडून निघालेल्या बैलगाड्या. जानेवारी १९४८मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लढ्याच्या खर्चासाठी क्रांतिकारकांनी लुटली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला. देशापेक्षा एक वर्ष, एक महिना आणि दोन दिवस उशिरा आपण स्वतंत्र झालो.

१९४८ सालीच त्यांचा ‘फकिराची कांबळी’ हा कथासंग्रह निघाला आणि १९४९ साली आली ‘जगाला कळलं पाहिजे’. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या पार्श्वभूमीवरची ही कादंबरी. पुन्हा नावाकडे पाहा. आधीच्या नावांत संकेत होते, आडपडदा होता. इथे तो राहिलेला नाही. इतकी वर्षे जे मनात ठेवून फाइलीवर टिपण्या लिहिल्या, ते एकदाचे बोलून टाकायचे आहे असे हे नाव आहे. घटना अजून निवळलेल्या नव्हत्या, जखमा ओल्या होत्या. अशा वेळी लिहिलेल्या कादंबरीला नंतरच्या काळातला शांतपणा कुठून येणार? पण मराठवाड्याच्या मुक्तीवर पुढे जे कथात्म लेखन झाले, त्याच्या कितीतरी आधी एका सरकारी कारकुनाने ते काम हाती घेतले होते, हे लक्षात ठेवायला हवे.

स्वातंत्र्यानंतर सगळे बदलले आणि काहीच बदलले नाही. खाते तेच, टेबल तेच, फक्त सरकार नवे. मराठवाडा अजून हैदराबाद राज्यातच होता. मराठी मुलखाशी तो जोडला गेला १९५६ साली. मराठवाड्याच्या लेखकाला पुण्या-मुंबईच्या साहित्यव्यवहारात अजूनही पाहुण्यासारखेच वागावे लागे. पुस्तकाची वाखाणणी करणारी मंडळी, परीक्षणे छापणारी मासिके, संमेलनांत अध्यक्ष सुचवणारी माणसे, सगळी तिकडे. परभणीहून हस्तलिखित पाठवायचे आणि टपालाची वाट पाहायची. १९५१ साली ‘छागल’ हा कथासंग्रह आला. आयुष्यात हाती पडलेले हे त्यांचे शेवटचे पुस्तक.

७ सप्टेंबर १९५३. परभणी. नेहमीसारखे ते कचेरीत गेले. टेबलाशी बसून काम करत असतानाच त्यांना मृत्यू आला. चाळीस वर्षे आणि तेवीस दिवसांचे आयुष्य. मराठवाडा मुक्तीला पाच वर्षे पूर्ण व्हायला अवघे दहा दिवस उरले होते.

घरी कागदांचा ढीग राहिला. पुढच्या वर्षी, १९५४ला ‘आडगावचे चौधरी’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. १९५५ला ‘आकाश’ हा कथासंग्रह आणि ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा कवितासंग्रह. १९५६ला ‘काळी राधा’. लेखक गेल्यावर तीन वर्षे त्याची पुस्तके येत राहिली. मागे राहिलेल्यांनी ती हस्तलिखिते जपली, प्रकाशकांपर्यंत पोचवली, हे मराठी वाचकांवरचे ऋण आहे. त्यांच्या कवितांपैकी एक अशी आहे, की घरातली लहान मुलगी परगावी गेलेली आहे आणि तिचा खेळण्यातला चंदनाचा विठोबा ओसरीवर एकटा राहिला आहे. आई-बापांनी ती कविता एकदा तरी वाचावी. सुट्टी संपवून नातवंडे परत गेल्यावर आजीला जे वाटते ते सगळे तीत आहे, आणि कुठेही डोळ्याला पदर लावलेला नाही.

आता पुरस्कारांचा विषय. बी. रघुनाथ गेले तेव्हा दिल्लीची साहित्य अकादमी अस्तित्वातच नव्हती. ती स्थापन झाली मार्च १९५४मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी. १९५५ला तिचा पहिला मराठी पुरस्कार तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाला मिळाला. पुढच्या वर्षी बा. सी. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ला, तेव्हा मर्ढेकरही हयात नव्हते. कादंबरीला तिथे जागा मिळायला १९६० साल उजाडावे लागले, वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’पर्यंत. त्यानंतर ‘रथचक्र’, ‘स्वामी’ अशी रांग लागली. महाराष्ट्र राज्यच १९६०चे, त्यामुळे त्याचे वाङ्मय पुरस्कारही नंतरचेच. थोडक्यात, आज लेखकाच्या परिचयात ज्यांची यादी वाचून दाखवतात, ती सगळी शिडी बी. रघुनाथ गेल्यावर उभी राहिली. त्यांनी लिहिले ते शिडीशिवाय.

त्यांना पुरस्कार मिळाला असता का, हा प्रश्न कधी कधी विचारला जातो. माझ्या मते मिळायला हवा होता, ‘आडगावचे चौधरी’ला. पण मिळाला असता, असे छातीठोकपणे म्हणवत नाही. पन्नाशीच्या दशकात परभणीचे नाव दिल्लीच्या टेबलापर्यंत पोचवणारे कोण होते? नांदेडला पीपल्स कॉलेज १९५०चे, औरंगाबादचे विद्यापीठ १९५८चे. मराठवाड्याच्या लेखकाबद्दल अधिकाराने बोलेल असा मराठवाड्याचा समीक्षक अजून घडायचा होता. नरहर कुरुंदकर तेव्हा एकवीस वर्षांचे होते. मराठी कादंबरीच्या वाटचालीचा धांडोळा घेणारे त्यांचे ‘धार आणि काठ’ नांदेडहून लिहिले गेले, ते १९७१ साली आले.

१९७१ हे आमच्या भागाला आणखी एका कारणाने लक्षात राहते. लातूर तालुक्यातल्या काटगावचे रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ त्याच वर्षीची. खेड्यातल्या शिंप्याच्या घराची राखरांगोळी त्या शिंप्याची बायको आपल्या बोलीत सांगते. मराठवाड्याची बोली कादंबरीभर अशी चालवता येते, हे तेव्हा पुष्कळांना नवे होते. बोराडे २०२५ साली गेले. १९८८ला साहित्य अकादमीचा पुरस्कार लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला मिळाला. ती आत्मकथा आहे, कादंबरी नव्हे. पण जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातीचे जगणे तिने ज्या ताकदीने मांडले, ते किती कादंबऱ्यांना जमले असेल? २०१६ला आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला तोच सन्मान मिळाला. लोमटे परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले. सेलू आणि सातोना एकाच रेल्वेमार्गावर, जवळजवळ शेजारीच. ज्या मुलखातून एक मुलगा शाळेसाठी गाडीत बसून हैदराबादला गेला होता, त्याच मुलखात कथेचा राष्ट्रीय पुरस्कार आला. मधे त्रेसष्ट वर्षे गेली. २०२४ला अकादमीचा युवा पुरस्कार तुळजापूरच्या देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ कादंबरीला मिळाला. पुन्हा शिंप्याचीच गोष्ट, आणि लिहिणाराही स्वतः शिवणयंत्रावर बसलेला. कारकुनाच्या हातून सुरू झालेले हे काम शिंप्याच्या हातात आले. प्राध्यापकांनी रागावू नये, पण मराठवाड्याच्या कथेचे बरे चालले आहे असे अशा वेळी वाटते.

मराठवाड्यात साहित्याला आता उत्सवही पुष्कळ मिळाले. अखिल भारतीय संमेलन १९८५ला नांदेडला झाले, १९९५ला परभणीला, २०२२ला लातूर जिल्ह्यात उदगीरला. शाली झाल्या, श्रीफळे झाली. बी. रघुनाथ पुरस्कार दरवर्षी कुणाला ना कुणाला मिळतो आणि तो मिळाल्याचा आनंद लेखकाच्या चेहऱ्यावर दिसतो. इथल्या लेखकाला घरच्या माणसाच्या नावाचे मोल आहे. पण पुरस्काराचे नाव मोठे होत जाते तसे त्यामागचे पुस्तक मागे सरते, हेही खरे. पुरस्कार समितीवर बसणाऱ्यांना, पुरस्कार घेणाऱ्यांना, टाळ्या वाजवणाऱ्या आपणा सर्वांना त्यांच्या सात कादंबऱ्यांपैकी किती वाचल्या आहेत असे विचारले, तर सभागृहात बरीच शांतता पसरेल. मलाही सातही वाचायला म्हातारपणच यावे लागले.

त्या मुलीच्या आजोबांनी मात्र प्रश्न सोडून दिला नाही. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला गाठले, माझ्याकडून पुस्तकांची नावे एका आमंत्रणपत्रिकेच्या मागे लिहून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन घराजवळच्या वाचनालयात गेले. परवा पुन्हा भेटले तेव्हा हकीगत कळली. ‘आडगावचे चौधरी’ मिळाले, पुठ्ठा बांधलेले, पानांच्या कडा तपकिरी झालेले. नातीने ते आठ दिवसांत वाचले, काही शब्द आजोबांना विचारले, काही आजोबांनाही आले नाहीत. मग ती ‘उत्पात’ आणायला गेली. नोंदवहीत पुस्तकाचा क्रमांक आहे, कपाटात पुस्तक नाही. ग्रंथपाल शोधून ठेवतो म्हणाले आहेत. ती दर शनिवारी जाऊन विचारून येते.